शाबासकी खात्याची, तक्रार कोणाची?

पोलीस खात्याचा कारभार लोकाभिमुख आहे की नाही हे ठरविण्यासाठी मोठमोठे अहवाल चाळण्याची गरज नाही. त्या खात्याकडे नागरिकांकडून येणाऱ्या दोन प्रकारच्या कागदांचा प्रवास पाहिला तरी पुरे होते. पहिला कागद प्रशंसेचा. चोरीस गेलेले दागिने परत मिळाले, हरवलेले मूल सापडले, गणेशोत्सवाचा बंदोबस्त चोख राहिला, म्हणून कोणी व्यापारी, कोणी गृहनिर्माण संस्था, कोणी मंडळाचा अध्यक्ष आभाराचे पत्र लिहितो. ते पत्र वरिष्ठांकडे पोचते, वृत्तपत्रांना दिले जाते, संबंधित कर्मचाऱ्याचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो, त्याच्या सेवापुस्तकात बक्षिसाची नोंद होते. या प्रवासात कोठेही खोळंबा नसतो.

दुसरा कागद तक्रारीचा. ठाण्यात मारहाण झाली, फिर्याद घेतली नाही, पैसे मागितले, पारध्यांच्या पालावर रात्री-बेरात्री धाड घालून बायामाणसांना फरफटत नेले, अशी ही तक्रार असते. तक्रारदार ती घेऊन पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जातो. आवक शिक्का बसतो. 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा मारून अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, तेथून तोच शेरा घेऊन तो त्याच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे उतरतो. मग एके दिवशी तक्रारदाराला 'जबाब' देण्यासाठी बोलावणे येते आणि ते ज्या ठाण्याविरुद्ध त्याने तक्रार केली त्याच ठाण्यातून येते. ज्याने मारले तोच, किंवा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा, विचारतो, "बोला, तुमची काय तक्रार आहे?" काही महिन्यांनी 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल' असे उत्तर येते. पुष्कळदा तेही येत नाही.

प्रशंसेचा कागद वर चढतो आणि तक्रारीचा कागद खाली उतरतो. एवढ्या एका वाक्यात आपल्या पोलीस व्यवस्थेचे सगळे राजकीय अर्थशास्त्र सामावलेले आहे. हा काही चुकार अधिकाऱ्यांचा दोष नव्हे. ही रचनाच तशी आहे आणि ती तशी असावी अशी राज्यकर्त्यांची पिढ्यान्पिढ्या इच्छा राहिलेली आहे.

या रचनेचे वय पाहिले म्हणजे मन थक्क होते. १८५४ साली मद्रास इलाख्यात सरकारी छळाची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला गेला होता आणि १८५५ साली त्याने अहवाल दिला. महसूल आणि पोलीस खात्याचे हस्तक शेतसारा वसूल करताना व कबुलीजबाब मिळविताना रयतेचा छळ करतात, हे त्या आयोगाने मान्य केले. पण आयोगाला छळापेक्षाही अधिक क्लेशकारक वाटलेली गोष्ट निराळीच होती. ती म्हणजे छळ झालेल्या माणसाला दाद मिळविताना येणारी अडचण. कलेक्टरच्या ठाण्यापर्यंतचे अंतर, प्रवासाचा खर्च, बुडणारा वेळ हे तर होतेच. शिवाय पत्राने अर्ज केला तर तो 'तहसीलदाराकडे चौकशीसाठी' असा नेहमीचा शेरा घेऊन परत येईल, ही रयतेची धास्ती होती. म्हणजे ज्याने किंवा ज्याच्या शिपायांनी अन्याय केला त्याच्याचकडे! कार्ल मार्क्सने १८५७ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रात हिंदुस्थानातील छळाविषयी लिहिताना याच अहवालाचा आधार घेतला आणि या शेऱ्याकडे वाचकांचे लक्ष वेधले. कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य आले, तेही गेले, प्रजासत्ताक आले. तहसीलदाराच्या जागी ठाण्याचा प्रभारी अधिकारी आला. शेरा मात्र जसाच्या तसा राहिला.

१८६१ चा पोलीस कायदा सत्तावन्नच्या उठावाच्या पाठोपाठ आला. त्याचा हेतू रयतेला संरक्षण देण्याचा नव्हता, रयतेपासून सरकारला संरक्षण देण्याचा होता. त्या कायद्याने उभे केलेले पोलीस दल कार्यक्षम नाही आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात, असा निर्वाळा लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०२-०३ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगाने, म्हणजे खुद्द साम्राज्याच्याच आयोगाने, दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली आपला स्वतंत्र पोलीस कायदा केला. आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातही शिपायाने वरिष्ठाला कसे जबाबदार राहावे याची कलमे भरपूर होती. पोलिसाने नागरिकाला कसे जबाबदार राहावे याविषयी मात्र मूळ कायदा जवळजवळ मुका होता.

हे मौन तोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न आणीबाणीच्या अनुभवातून झाला. १९७७ साली जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. या आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले आणि पहिल्याच अहवालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा प्रश्न हाती घेतला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पोलीस कोठडीतील बलात्कार, कोठडीतील मृत्यू किंवा गंभीर दुखापत, आणि जमाव पांगविताना झालेल्या गोळीबारात दोन किंवा अधिक माणसांचा मृत्यू, अशा प्रकरणांत न्यायालयीन चौकशी सक्तीची असावी, असे आयोगाने सुचविले. ही सूचना कल्पनेतून आलेली नव्हती. महाराष्ट्रातीलच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले होते आणि १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर स्त्रियांची चळवळ पेटविली होती. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला, तो या चळवळीमुळे. पोलीस आयोगाचे अहवाल मात्र कपाटात गेले. त्यानंतर दिल्लीत आणि मुंबईत जवळजवळ सर्व रंगांची सरकारे आली आणि गेली. त्या कपाटाची किल्ली शोधण्याची तसदी त्यांपैकी कोणीही घेतली नाही, हे आपल्या मित्रपक्षांसह सर्वांना सांगितले पाहिजे.

अखेर ते कपाट न्यायालयाने उघडले. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल देऊन सात आदेश दिले. त्यांतील सहावा आदेश तक्रारींविषयी होता. राज्य पातळीवर आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, त्याचा अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा, प्रत्यक्ष चौकशीसाठी त्याला स्वतःचा नियमित कर्मचारीवर्ग असावा आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असा त्याचा आशय होता. 'जिल्हा' आणि 'बंधनकारक' या दोन शब्दांत त्या आदेशाचा प्राण होता. राज्यांनी नेमका या दोन शब्दांवर घाव घातला. अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. टी. थॉमस समितीने नमुना म्हणून जी राज्ये तपासली त्यांत महाराष्ट्रही होता, आणि २०१० सालच्या तिच्या अहवालात राज्यांच्या संपूर्ण अनास्थेबद्दल विषादच व्यक्त झाला.

महाराष्ट्राने कायदा केला तो २०१४ साली, म्हणजे निकालानंतर आठ वर्षांनी. त्यात जिल्हा प्राधिकरणे नाहीत. आहेत ती विभागीय. छत्तीस जिल्ह्यांचे राज्य, आणि महसुली विभाग सहा! भामरागडच्या किंवा सिरोंच्याच्या आदिवासीने गडचिरोलीच्या पोलिसांविरुद्धची दाद नागपुरात मागावयाची, नांदेडच्या किनवटमधील माणसाने छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे. मद्रासच्या आयोगाने १८५५ साली नोंदविलेले 'अंतर' हे जुलमाचे साधन होते; २०१४ साली आपल्या विधिमंडळाने ते एकमताच्या बेफिकिरीने पुन्हा कायद्यात लिहून ठेवले. शिवाय या प्राधिकरणांच्या अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश असला तरी त्यांच्या सदस्यांत पोलीस अधिकाऱ्यांना कायद्यानेच जागा दिलेली आहे. ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची त्याचा बिरादर न्यायपीठावर पाहून तक्रारदाराच्या मनात कोणता विश्वास निर्माण होणार?

अंतराचा हिशेब रुपयांतही मांडून पाहावा. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीवरील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आला होता. एक अर्ज देणे, त्याची पोच मिळविणे, जबाबासाठी जाणे, साहेब बंदोबस्तावर असल्यामुळे परत येणे, पुन्हा जाणे, असे पाच खेटे धरले तरी १५६० रुपयांची मजुरी बुडते. बसचे भाडे, अर्ज टंकून घेण्याचा खर्च आणि बरोबर आणलेल्या साक्षीदाराची मजुरी निराळीच. उलट ज्याच्याकडे मोटार आहे, वकील आहे आणि आमदाराचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला तक्रार करावी लागतच नाही. त्याचे काम एका दूरध्वनीवर होते. म्हणजे ज्याला तक्रारीची गरज सर्वांत जास्त त्याला ती सर्वांत महाग आणि ज्याला तिची गरज नाही त्याला ती फुकट. बाजारात अशा वस्तूला मागणी कमी दिसली तर अर्थशास्त्राचा पहिल्या वर्गातला विद्यार्थीही 'लोकांना ती नकोच आहे' असा निष्कर्ष काढणार नाही. पण गृहखाते तो निष्कर्ष बिनदिक्कत काढते. 'तक्रारी कमी झाल्या, अर्थात कारभार सुधारला!'

आणि प्रशंसेचे काय? प्रशंसा हा निष्पाप प्रकार आहे अशी समजूत आहे. ती तपासून घेतली पाहिजे. कोणत्याही खात्यात माणसे ज्या गोष्टीबद्दल शाबासकी मिळते तीच गोष्ट करतात. ज्या ठाण्याच्या नोंदवहीत गुन्हे कमी ते ठाणे चांगले, अशी मोजपट्टी वर्षानुवर्षे लावली गेली. म्हणून गुन्हा नोंदवून घेण्याचे टाळणे हे ठाण्याचे कौशल्य ठरले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदविलाच पाहिजे, असे १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाला सांगावे लागले, ते यामुळे. दलित वस्तीवरील हल्ल्याची फिर्याद रात्री अकराला, गावच्या पाटलाची नाराजी पत्करून, तत्काळ लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराला कोणते बक्षीस मिळते? बेकायदा हुकूम मानण्यास नकार देणाऱ्या हवालदाराचा सत्कार कोणत्या १ मे रोजी होतो? या सदरांत बक्षिसे नाहीत, म्हणून या सद्गुणांचा दुष्काळ आहे.

याच शाबासकीचे भीषण रूप मुंबईने पाहिले आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्या काळात चकमक करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बळींचे आकडे क्रिकेटच्या धावांप्रमाणे छापले जात होते, त्यांना पदके मिळत होती, त्यांच्यावर चित्रपट निघत होते. प्रशंसेच्या त्या गदारोळात मेलेल्यांच्या नातलगांची तक्रार कोणाला ऐकू जाणार होती? या चकमकींसंबंधीच्या पी.यू.सी.एल.च्या याचिकेवर २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जी सोळा सूत्रे घालून दिली, त्यांतील एक असे आहे की चकमकीनंतर लगोलग संबंधित अधिकाऱ्यांना मुदतपूर्व बढती किंवा शौर्याचे बक्षीस देऊ नये. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच ते द्यावे. बक्षीस हेदेखील माणूस मारण्याचे कारण होऊ शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले, असाच याचा अर्थ. ज्या खात्यात शाबासकीवरही न्यायालयाला लगाम घालावा लागतो त्या खात्याने तक्रारदाराला 'आमचे चांगले कामही पाहा' असे सांगावे, यासारखा उद्धटपणा नाही.

मुळात प्रशंसा आणि तक्रार या एकाच खतावणीतल्या जमा-खर्चाच्या बाजू नव्हेत. प्रशंसा हा नागरिकाचा उदारपणा आहे. तक्रार हा त्याचा हक्क आहे. शंभर हरवलेली मुले शोधून दिल्याने एका कैद्याची हाडे मोडण्याची मुभा मिळत नाही. गिरणीच्या मालकाने दिवाळीला बोनस दिला म्हणून अपघातात हात गमावलेल्या कामगाराची नुकसानभरपाई वळती करून घेता येत नाही. तसेच हे आहे.

तक्रारदार सर्व अडथळे ओलांडून न्यायालयाच्या दारात पोचलाच, तर तेथे कायद्याच्या ढाली उभ्या असतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ नुसार कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दलचा दावा वा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. फौजदारी खटल्यासाठी ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते, पण राज्य शासनाची पूर्वपरवानगी असेल तर! सरकारी नोकरावरील खटल्यासाठी मंजुरीची जुनी अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानावे, एवढीच काय ती सुधारणा. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले आहे. सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवावा आणि त्या नोकराचे म्हणणे विचारात घ्यावे, असे तिच्या कलम १७५ मध्ये आता लिहिले आहे. सायकलचोराच्या बाबतीत तपासाआधी त्याच्या वडिलांचा अहवाल मागविला जात नाही.

या ढाली कोणाचे रक्षण करतात ते दोन घटनांनी स्पष्ट होते, आणि दोन्हींतील माणसे परभणीशी निगडित होती. २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेला परभणीचा एक तरुण अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना नाहीसा झाला. तो पळून गेला, असे पोलिसांचे म्हणणे होते. कोठडीतील मारहाणीत तो मेला, असे त्याच्या आईचे. गुन्हे अन्वेषण विभागाच्या चौकशीत चौदा पोलिसांवर ठपका आला. राज्य शासनाने खटल्याची मंजुरी दिली ती फक्त चौघांविरुद्ध. निलंबित झालेल्यांना जून २०२० मध्ये पुन्हा नोकरीत घेण्यात आले. म्हाताऱ्या आईने न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, आणि तेवढ्या अवधीत निलंबित अधिकारी पुन्हा वर्दीत दाखल झाले.

दुसरी घटना ताजी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून उसळलेल्या आंदोलनानंतर पोलिसांनी धरपकड केली आणि अटकेतील एक तरुण, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत मरण पावला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या मारहाणीकडे बोट दाखविले गेले. तरीही गुन्हा नोंदविला जात नव्हता. अखेर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. राज्य शासनाने तो आनंदाने पाळावयाचा सोडून त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि तेथे ते हरले. लक्षात घ्यावे, हा वाद शिक्षेचा नव्हता, आरोपपत्राचाही नव्हता. केवळ पहिला कागद लिहून घेण्याचा होता. एका मृत मुलाच्या आईची फिर्याद ठाण्याच्या वहीत लिहिली जावी एवढ्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागते, ही 'तक्रार निवारण यंत्रणा' आहे काय?

या सर्वांवर खात्याचे आणि मंत्र्यांचे एक ठरलेले उत्तर आहे. तक्रारींना फार महत्त्व दिले तर पोलिसांचे मनोधैर्य खचेल. हा युक्तिवाद पोलिसांचाच अपमान करणारा आहे. ज्या दलाचे धैर्य चौकशीच्या नुसत्या शक्यतेने खचते, ते दल धैर्यवान म्हणावयाचे कसे? डॉक्टर, अभियंता, शिक्षक, बँकेचा कारकून या सर्वांच्या कामाची बाहेरून तपासणी होते. त्यामुळे त्यांचे व्यवसाय बुडालेले नाहीत. खरे मनोधैर्य खचते ते प्रामाणिक पोलिसाचे. शेजारचा हप्तेबाज सहकारी तक्रारीनंतर दोन महिने 'नियंत्रण कक्षात' विश्रांती घेऊन पूर्वीपेक्षा चांगल्या ठाण्यात नेमणूक मिळवितो, हे तो उघड्या डोळ्यांनी पाहत असतो.

दुसरे उत्तर खोट्या तक्रारींचे. गुन्हेगार मंडळी पोलिसांना नामोहरम करण्यासाठी खोटे अर्ज करतात, यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण खोटे-खरे ठरवावयाचे तर निःपक्षपाती चौकशी हवी. ती नसली की खोटी तक्रार आणि खरी तक्रार एकाच दप्तरात एकाच धुळीखाली पडतात. निर्दोष पोलिसालाही मग निर्दोषत्वाचे विश्वासार्ह प्रमाणपत्र मिळत नाही, कारण ते देणारा त्याचाच साहेब असतो. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात ध्वनिमुद्रणासह सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत आणि चित्रण अठरा महिने जपावे असा आदेश दिला. खोट्या तक्रारींचा जाच खरोखरच असेल तर हे कॅमेरे प्रथम पोलिसांनाच हवेहवेसे वाटावयास हवे होते. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांच्या प्रश्नाची न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. ज्याला आपण स्वच्छ असल्याची खात्री आहे तो आरशावर पडदा टाकत नाही.

येथे एक गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने विसरता कामा नये. ठाण्यातला शिपाई हा आपला वर्गशत्रू नाही. तो कोरडवाहू शेतकऱ्याचा, गिरणी कामगाराचा मुलगा आहे. बारा-बारा तास ड्यूटी, सणासुदीला बंदोबस्त, गळक्या चाळीतील घर आणि वरिष्ठांच्या शिव्या हे त्याचे जीवन आहे. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यापासून सुरू झाला तो २०१६ साली, म्हणजे जगभरच्या कामगारांनी तो हक्क मिळविल्यानंतर कित्येक दशकांनी. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर बंधने घातली. मुंबईच्या पोलिसांनी आपली संघटना उभी केली तेव्हा ऑगस्ट १९८२ मध्ये शासनाने तिची मान्यता काढून घेतली, नेत्यांना अटक केली, शहरात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. गिरणी संपाचे ते वर्ष होते. गिरणी कामगार आणि शिपाई एकाच चाळीत राहत होते, हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते.

ज्याची स्वतःची तक्रार ऐकणारे कोणी नाही तो दुसऱ्याची तक्रार काय ऐकणार? वरून आलेला अपमान तो खाली पोचवितो. वरिष्ठ अधिकारी शिक्षा करतो तीही बहुधा त्यालाच. मंत्र्याच्या तोंडी हुकुमावरून लाठीमार होतो आणि 'कसुरी अहवाल' मात्र लाठी उचलणाऱ्या शिपायाचा जातो. म्हणून नागरिकाची तक्रार आणि शिपायाची तक्रार या एकाच लढ्याच्या दोन बाजू आहेत. स्वतंत्र प्राधिकरण असेल तर हुकूम कोणी दिला हेही विचारले जाईल. आणि नेमकी तीच भीती वरच्यांना आहे.

स्वतंत्र यंत्रणेची कल्पना स्वप्नाळू नाही. ज्या इंग्रजांकडून आपण हे खाते घेतले त्यांनी आपल्या देशात ती टप्प्याटप्प्याने उभारली. १९७६ च्या कायद्याने त्यांनी तक्रार मंडळ नेमले, ते कागद तपासण्यापुरते. १९८१ च्या ब्रिक्स्टन दंगलीनंतर ते अपुरे असल्याचे उघड झाले आणि १९८५ साली तपासावर देखरेख करणारे प्राधिकरण आले. तेही अपुरे पडले तेव्हा २००४ साली स्वतःचे तपास अधिकारी असलेला स्वतंत्र आयोग आला. उत्तर आयर्लंडमध्ये २००० सालापासून पोलीस लोकपाल आहे. त्यांच्याकडेही सर्व आलबेल आहे असे नाही. पण पोलिसांचा तपास पोलिसांवर सोपविणे कधीच पुरेसे होत नाही, हा धडा ते तीन वेळा ठेचकाळून शिकले. आपण मात्र त्यांची लाठी जपून ठेवली आणि धडा सोडून दिला.

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. छत्तीसही जिल्ह्यांत तक्रार प्राधिकरणे हवीत, आणि त्यांच्यावर कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला स्थान नसावे. त्यांचा तपासाचा कर्मचारीवर्ग स्वतंत्र हवा आणि त्यांच्या शिफारशी शासनावर बंधनकारक हव्यात. ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे त्या ठाण्याकडे किंवा त्याच्या थेट वरिष्ठाकडे अर्ज चौकशीसाठी पाठविणे हीच शिस्तभंगाची बाब ठरवावी. कलम १६१ मधील मुदतीची ढाल कोठडीतील छळाच्या प्रकरणांतून काढून टाकावी. प्रत्येक जिल्ह्याने किती तक्रारी आल्या, किती सिद्ध झाल्या आणि त्यांवर काय कारवाई झाली, हे दरवर्षी जाहीर करावे. बक्षिसांचीही यादी कारणांसह जाहीर व्हावी. गुन्हा तत्परतेने नोंदविणे आणि बेकायदा हुकूम नाकारणे हे बक्षिसाचे सदर व्हावे. आणि शिपायांना संघटनेचा व तक्रारीचा हक्क मिळावा.

पण प्राधिकरणे मागून मिळत नाहीत, वापरून घडतात. तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अर्ज लिहून देणे, पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून न हलणे, ठाण्याने फिर्याद नाकारली तर ती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांकडे आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे नेणे, सीसीटीव्ही चित्रणाची मागणी पहिल्याच आठवड्यात करणे, आणि जबाबाच्या दिवशी तक्रारदाराला एकट्याने ठाण्याची पायरी चढू न देणे, ही कामे आज, आहे त्या कायद्यात, करता येण्याजोगी आहेत. मोर्च्याला लागते त्यापेक्षा अधिक चिकाटी या कामाला लागते, आणि त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत. परंतु पालावरच्या बाईच्या हातातला अर्ज ज्या दिवशी खाली न उतरता वर चढू लागेल, त्या दिवशी १८५५ चा तो शेरा खऱ्या अर्थाने पुसला जाईल. तोवर पुष्पगुच्छांचे सत्कार खुशाल चालू द्यावेत. त्यांना टाळ्या वाजविण्यास मात्र आपण बांधील नाही.